शाई बसेपर्यंत

अपेक्षा मॅडम रद्दीच्या ढिगासमोर फरशीवर मांडी घालून बसल्या, तेव्हा गयासुद्दीनचा हात आपोआप बिलबुकाकडे गेला.

त्याने चांगली खुर्ची पुसून दिली होती, समोरच्या हॉटेलातून स्पेशल चहा मागवला होता. आणि अमरावतीहून आलेल्या या बाई, अरीबाच्या चित्रकला कॉलेजातल्या मॅडम, खुर्ची सोडून त्याच्या छापखान्यातली रद्दी एकेक कागद उलटून पाहत होत्या. रद्दीत काय पाहायचं असतं? जीएसटीवाले आले तर बिलबुक मागतात. पोलीस आले तर पोस्टर मागतात. रद्दी आजवर रद्दीवाल्याखेरीज कोणी मागितली नव्हती, आणि त्यालाही ती तोलून हवी असे, पाहून नव्हे.

"हे तुम्ही कसं केलं?" एक कागद उजेडाकडे धरून मॅडमनी विचारलं.

"मी काई नाई केलं, मॅडम," गयासुद्दीन म्हणाला. हे वाक्य त्याच्या ओठांवर कायम तयार असे.

अरीबा हसली. "अब्बा, त्या रागावून नाई राहिल्या. त्यायले आवडलं." घरात बापलेक उर्दूत बोलत, पण छापखान्याचा उंबरा ओलांडला की दोघांची जीभ वऱ्हाडीवर येई.

गयासुद्दीनच्या भित्रेपणाला हसण्यात अर्थ नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका बोळात ज्याची हयात छपाईत गेली, तो माणूस धीट राहीलच कसा? लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर मामा भांडायला येतो. पुढाऱ्याच्या नावामागचं 'मा.' राहिलं तर त्याची पोरं येतात, आणि ती नुसती भांडत नाहीत. एका निवडणुकीत शेजारच्या बोळातल्या छापखानेवाल्याला एका पत्रकावरून ठाण्यात बसवून ठेवलं होतं. मजकूर दुसऱ्याचा, कागद दुसऱ्याचा, पण तळाशी 'मुद्रक' म्हणून नाव त्याचं. तेव्हापासून कागदाच्या तळाशी आपलं नाव दिसलं की गयासुद्दीनला घाम फुटे.

आणि त्या रद्दीत कला वगैरे काही नव्हती, होती ती निव्वळ काटकसर. मशीनवर नवा जॉब लावला की शाई नीट बसेपर्यंत पहिले कितीतरी कागद वाया जातात. कोरा कागद कशाला नासायचा? म्हणून जुनीच रद्दी पुन्हा पुन्हा मशीनमधून फिरवायची. ती सरळ लावायचे कष्टही कोणी घेत नाही. त्यामुळे एकेका कागदावर तीन-तीन, चार-चार जॉब चढलेले असत. सोयाबीनच्या बियाण्यावर कोचिंग क्लास, त्यावर मूळव्याधीचा दवाखाना, त्यावर कुणाच्या तरी साखरपुड्याची वेलबुट्टी. गयासुद्दीन एकच नियम पाळत आला होता. देवाचं चित्र, कुराणातली आयत, महापुरुषाचा फोटो असलेला कागद तो रद्दीत जाऊ देत नसे. त्यांच्यासाठी कोपऱ्यात वेगळी गोणी होती. बापाने हे शिकवलं होतं, आणि भीतीने ते पक्कं केलं होतं.

"म्हणजे कशावर काय छापलं जाईल, हे कोणीच ठरवत नाही?" मॅडमचे डोळे चमकायला लागले होते. "गयासभाई, हेच तर आम्ही शोधत असतो. आजच्या कलेत योगायोगाला फार मोठी जागा आहे. मी वर्गात मुलांना रंग सांडायला लावते, कागद वाऱ्यावर सोडायला लावते, तरी त्यांचा हात मध्ये येतोच. त्यांना सुंदर करायचं असतं ना! इथे कोणाचाच हात नाही."

"मशीनवर हात तं माहाच असते जी," गयासुद्दीन चाचरत म्हणाला. आपण कबुलीजबाब देतो आहोत असं त्याला वाटलं.

मॅडम निवडत होत्या, अरीबा कागद गुंडाळत होती. ढिगाच्या तळातून मॅडमनी आणखी एक कागद ओढला आणि तो मांडीवर पसरला.

कागदावर काळ्या शाईत एका तरुणाचा चेहरा होता. स्टुडिओत काढलेला, केस ओले करून बसवलेले, ओठांवर जरासं हसू. त्याच्या खालून हिरव्या शाईतली एक बाटली वर आली होती, आणि तिचं उघडं तोंड नेमकं त्या ओठांशी टेकलं होतं. सगळ्यांभोवती झेंडूच्या फुलांची लाल महिरप.

"तो राहू द्या, मॅडम," गयासुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"का? सगळ्यांत भारी हाच आहे."

"खराब हाये तो."

"सगळेच खराब आहेत. म्हणून तर घेतेय," मॅडम हसल्या. "अरीबा, कॉलेजच्या प्रदर्शनात हा मधोमध लावायचा. खाली तुझं आणि अब्बांचं नाव. आणि मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनाच्या समितीकडे एका विद्यार्थ्याचं काम पाठवायचंय, त्यासाठी मी हेच सुचवणार आहे."

गयासुद्दीनने लेकीकडे पाहिलं. पोरीला चित्रकलेला घातलं म्हणून सगळ्या खानदानाने त्याला नावं ठेवली होती. ईदच्या दिवशीसुद्धा लोक विचारत, मग पुढे काय, रांगोळ्या काढणार का? आज तिचा चेहरा असा फुलला होता की त्याच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. भित्र्या माणसाला नाही म्हणायचीसुद्धा भीती वाटते. मॅडमची गुंडाळी अमरावतीच्या गाडीत गेली आणि त्या गुंडाळीत गोपालचा चेहरा गेला.

गोपाल हा नत्थुजीचा मुलगा. मूर्तिजापुराहून दर्यापूरकडे जाताना वाटेत त्यांचं गाव. नत्थुजी काळ्या कसदार वावराचा मालक, खाऊनपिऊन सुखी, जरा तापट. मुलीच्या लग्नाची पत्रिका, गावच्या सप्ताहाची पत्रकं, सगळी छपाई त्याची गयासुद्दीनकडे. गेल्या पावसाळ्यात कपाशीची पराटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, आणि फवारणीची विषबाधा झालेली माणसं दवाखान्यांत भरती होत होती. त्यांत गोपालही आला. वावरातून त्याला जीपमध्ये घालून अकोल्याला आणलं, तो परत गेला नाही.

हे एवढंच असतं तर लोक हळहळले असते. पण त्या दिवशी सकाळी बापलेकाचं मोटरसायकलवरून कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ते अख्ख्या आळीने ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला. पोरगा फवारत नव्हता, पोराने फवारणीचं औषध घेतलं. बापाच्या तोंडापायी पोरगा गेला.

तेरवीच्या पत्रिकेसाठी नत्थुजी स्वतः फोटो घेऊन छापखान्यात आला होता. मजकुराकडे त्याने पाहिलंही नाही. "फोटो साफ आला पाह्यजे, गयासभाऊ," एवढंच तो म्हणाला, आणि बाकावर भिंतीला टेकून बसून राहिला.

फोटो साफ यावा म्हणूनच गयासुद्दीनने त्या दिवशी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त रद्दी फिरवली. काळी शाई जरा जास्त झाली तर डोळे भरून जातात, कमी झाली तर चेहरा पुसट दिसतो. ढिगाच्या वर त्या हंगामातली एका कृषी केंद्राची कीटकनाशकाची पत्रकं पडली होती, हिरव्या बाटलीची. तीच त्याने उचलली. एकामागून एक गोपाल बाहेर येत होते, कुणाच्या कपाळावर बाटली, कुणाच्या खांद्यावर. आणि एक असा आला की गयासुद्दीनने झटकन मशीन बंद केलं.

तो कागद फाडायला हात धजला नाही. मेलेल्या पोराचा चेहरा फाडायचा कसा? रद्दीवाल्याला द्यावा तर उद्या त्यात कोणी भजी बांधून घेईल. गोणी देवांसाठी होती, माणसाच्या चेहऱ्याचं कधी त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्याने तो कागद ढिगाच्या मध्ये कुठेतरी खुपसला, मागे बाकावर बसलेल्या नत्थुजीला दिसणार नाही असा. पुढे तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची घाई सुरू झाली, आणि कधीतरी त्याच्याच हाताने तो कागद पुन्हा मशीनमध्ये गेला. त्याला झेंडूची महिरप चढली ती तेव्हा.

मॅडम येऊन गेल्यावर आठवडा झाला असेल. अरीबाचा अमरावतीहून फोन आला, तिचा आवाज आनंदाने नुसता उडत होता. "अब्बा, मॅडमनी तोच कागद निमंत्रणपत्रिकेवर घ्यायचं ठरवलं! आन पत्रिका आपल्याच छापखान्यात छापायची म्हनतात. त्याच मशीनवर. मी फोटो पाठवला, पाहा."

गयासुद्दीनने मोबाइलवर तो फोटो पाहिला आणि खाली बसला. आतापर्यंत त्याच्याजवळ निदान एक आधार होता: मी केलं नाही, झालं. आता छपाईची प्लेट करायची, बाटली जाणूनबुजून त्या ओठांशी नेऊन ठेवायची आणि गठ्ठ्याने छापायची. आणि तळाशी नाव. तो फोटो आतापर्यंत कुणाकुणाच्या मोबाइलवर गेला असेल याचा त्याने विचार करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. त्याने अरीबाला सगळं सांगितलं, अडखळत, दोनदा पाणी पिऊन.

मग ती उर्दूत म्हणाली, "अब्बा, तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात?" अब्बा छापखान्यात असताना ती उर्दूत बोलली म्हणजे तिला रडू येत होतं.

त्याच दुपारी नत्थुजीच्या गावचा शेषराव सप्ताहाची पत्रकं न्यायला आला. गयासुद्दीनने गठ्ठा बांधता बांधता सहज विचारल्यासारखं विचारलं, "नत्थुजी बरे हायेत ना?"

"कायचे बरे? डोकं फिरलं त्याचं," शेषराव म्हणाला. "एका पेपरवाल्यानं गोपालनं आत्महत्या केली म्हनून छापलं. तो पेपरवाला गावात आलता, तं हा कुऱ्हाड घेऊन मांगं धावला. आमी धरलं म्हनून, नाई तं तथीच कार्यक्रम होता. आता सांगा, जे झालं ते झालं. पोट्ट्यानं घेतलंच होतं, साऱ्यायले मालूम हाये. हाच एकटा वारं फिरलं, वारं फिरलं करत बसते."

गयासुद्दीनच्या हातातली सुतळी सुटली. शेषराव गेल्यावरही तो रस्त्याकडे तोंड करून बसला. बोळात मोटरसायकल थांबली की तो उठून उभा राही. कुणी अनोळखी माणूस पाटी वाचू लागला की तो मशीनमागे सरके. असे दोन-तीन दिवस गेले. जेवण त्याला गोड लागेना. शेवटी कुलसुमबीने त्याच्या पुढ्यातलं ताट सरकवलं आणि सरळ सांगितलं, "वो देखके आएगा, उससे पहले तुम दिखाके आओ." नवऱ्याची ही भीती तिने पंचवीस-तीस वर्षं सांभाळली होती. तिला ती अंगणातल्या कोंबडीसारखी झाली होती, कुठे लपते आणि कशाने बाहेर येते हे तिला माहीत होतं.

अरीबा मॅडमकडून कागद मागून घेऊन आली. बापलेक एस.टी.ने मूर्तिजापूरला उतरले, तिथून दर्यापूरच्या काळीपिवळी जीपमध्ये बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीची पराटी उभी होती, वाळत आलेली, मधूनमधून पांढरी. गयासुद्दीन वाक्यं जुळवत होता. आधी क्षमा मागायची, मग सांगायचं? की आधी सांगायचं? गाडीतल्या कुणी त्याच्याकडे पाहिलं की त्याला वाटे, याला कळलं.

"अब्बा, वापस जाऊ का आपुन?" अरीबा हळूच म्हणाली. "मी मॅडमले नाई म्हनून सांगतो. दुसरं काई लावीन मी."

त्याला हो म्हणायचं होतं. पण तो फोटो मोबाइलवरून गेलाच होता. "बस चूप," तो म्हणाला.

नत्थुजीच्या अंगणात लाकडांचा ढीग होता आणि त्यात कुऱ्हाड रोवलेली होती. गयासुद्दीनची नजर आधी तिच्यावर गेली, मग माणसावर. नत्थुजी बाजेवर बसला होता, दाढी वाढलेली, पूर्वीपेक्षा अर्धा झालेला.

"कोन, गयासभाऊ? या, बसा. ही पोट्टी तुमची? केवढी झाली वं बाई!" तो उठला, त्याने घरात हाक मारली, "अवं, पानी आन." मग त्याने विचारलं, "कोनाची पत्रिका घेऊन आले?"

"पत्रिका नाई, नत्थुजी." जुळवलेली सगळी वाक्यं गयासुद्दीन विसरला होता. "माह्या हातून एक गोष्ट झाली. तुमाले दाखवाची हाये."

अरीबाने कागद बाजेवर उलगडला आणि दोन्ही कडा तळव्यांनी दाबून धरल्या.

नत्थुजीने पाहिलं. मग त्याचं बोट सावकाश आलं आणि हिरव्या बाटलीवर टेकलं.

"हे काय हाये?"

"औषधाची बाटली. कृषी केंद्राचं पत्रक होतं."

"त्याच्या तोंडाले कोनं लावली?"

"कोनीच नाई."

"खरं सांग गयासभाऊ!" नत्थुजी ताडकन उभा राहिला. "गावातून कोन आलतं तुह्याकडे? कोनं सांगतलं असं छापाले? शेषराव? आरे, तू तं माह्या घरचं मीठ खाल्लं, माह्या पोरीच्या लग्नात जेवला तू!"

पळावं असं गयासुद्दीनला मनापासून वाटलं, आणि लेक शेजारी नसती तर तो पळालाही असता. त्याने खिशातून तिकीट काढलं, रुमाल काढला आणि बाजेवर ठेवला. "पाहा जी. हा रुमाल म्हंजे ते बाटलीचं पत्रक, आधीच छापलेलं. रद्दी. तुमचा फोटो साफ याले पाह्यजे म्हनून मी शाई बसवून पाहत होतो. हे तिकीट म्हंजे गोपाल." त्याने तिकीट रुमालावरून सरकवलं. "कागद सरळ गेला असता तं बाटली खांद्यावर पडली असती. जरासाक आनखी सरकला असता तं भायेर पडली असती. तो वाकडा गेला. मी नाई लावला. वाकडा गेला."

"मंग बराबर तोंडावरच काहून पडली?"

"मले नाई सांगता येत, नत्थुजी." गयासुद्दीनच्या डोळ्यांतून पाणी आलं, भीतीने की कशाने ते त्यालाही कळलं नाही. "पडली."

नत्थुजी त्या तिकिटाकडे पाहत राहिला. त्याने ते स्वतःच्या बोटाने रुमालावर इकडून तिकडे सरकवलं. पुन्हा सरकवलं. मग तो बाजेच्या कडेवर बसला.

"हेच तं," तो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "मी हेच सांगून राहिलो तवापासून. वारं मांगून होतं. पराटी एवढी उंच, फवारा डोक्याच्या वर धरा लागे. वारं फिरलं, समोरून आलं, सारं औषध त्याच्या तोंडावर. लोक म्हनतात, मंग त्याच दिवशी काहून फिरलं? बापासंग भांडला त्याच दिवशी? मी काय सांगू त्यायले? मले नाई सांगता येत. फिरलं."

गोपालची आई पार्वताबाई पाण्याचा तांब्या घेऊन कधीची मागे उभी होती. ती पुढे झाली, वाकली, आणि तिने बाटलीकडे पाहिलंच नाही. मुलाच्या चेहऱ्याभोवतीच्या लाल झेंडूवरून तिने हात फिरवला.

"ही फुलं कायची हो भाऊ?"

"दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेची हायेत, वैनी. ते बी आपोआपच छापल्या गेलं. तुमी म्हनान तं फाडून टाकतो आत्ता."

"नका फाडू," पार्वताबाई म्हणाली. "राहू द्या. त्याचं राहूनच गेलतं." आणि तिथेच मातीत बसून ती रडायला लागली. अरीबा कागद सोडून तिच्याजवळ गेली, तेव्हा कागदाची कड नत्थुजीने धरली.

निघायच्या वेळी नत्थुजीने विचारलं, "हे कोठी लावता म्हनलं?"

"अमरावतीले, कॉलेजात," अरीबा म्हणाली. "पन तुमी नाई म्हनलं तं नाई लावत, काका."

"लोक येतीन तथी?"

"येतीन."

"शिकलेले?"

"हो जी. सारेच येतीन."

"मंग लावजो," नत्थुजी म्हणाला. "पन खाली लिहिजो. मी सांगतो तसंच लिहिजो, आन माह्या नावानं लिहिजो."

अपेक्षा मॅडमनी निमंत्रणपत्रिकेवरचं चित्र लगेच बदललं. हे सगळं ऐकून त्यांचे डोळे भरून आले होते, त्या बाई वाईट नव्हत्या. पण दालनात चित्र लावताना त्याखालच्या ओळींपाशी त्या अडल्या. "अरीबा, वाक्य फार सरळ आहे. बघणाऱ्यासाठी काही मोकळंच राहत नाही. आणि मुंबईची समिती असल्या ओळींसकट हे घेणार नाही, मी तुला खरं सांगते."

"मोकळं ठेवलं की लोक त्यात काय भरतात ते काकांनी पाहिलंय, मॅडम," अरीबा म्हणाली. "मुंबई राहू द्या."

गयासुद्दीन शेजारीच उभा होता. पोरीच्या हातातून काय निसटलं ते त्याला कळत होतं, आणि त्याला फार वाईट वाटलं. पण त्या ओळींची पाटी त्याने आदल्याच दिवशी छापून आणली होती, कोऱ्या कागदावर, शाई नीट बसवून. त्याने ती खिळ्याला लावली.

प्रदर्शनाच्या दिवशी नत्थुजी सकाळीच आला. दाढी केलेली, धुतलेला पांढरा सदरा, टोपी. दालनात ठेवलेल्या खुर्चीवर तो बसला नाही. चित्राच्या शेजारी, भिंतीला न टेकता, दोन्ही हात समोर बांधून उभा राहिला. गयासुद्दीन मात्र दाराजवळच घुटमळत होता. कॅमेरावाला आत शिरला की तो दाराआड सरकत होता. कोणी ओळखीचं निघालं तर? कोणी हसलं तर? या माणसाला इथे बोलावून आपण त्याची शोभा तर केली नाही ना?

पोरांचं एक टोळकं आत आलं. चित्रासमोर थांबलं. एकाने दुसऱ्याला कोपर मारून म्हटलं, "पाह्य, पेऊन राहिला." गयासुद्दीनने नत्थुजीकडे पाहिलं. नत्थुजीचा जबडा आवळला होता, पण तो जागचा हलला नाही. त्याने फक्त हात वर केला आणि बोटाने खालची पाटी दाखवली.

पोराने वाकून वाचली.

'हा माहा पोरगा गोपाल. पराटीवर फवारा मारतानी वारं फिरलं. त्यानं जानून काई केलं नाई. चित्रातली बाटली बी कोनी जानून लावली नाई. – नत्थुजी, गोपालचा बाप.'

पोरगा सरळ झाला. त्याने नत्थुजीकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. "फिरते काका," तो ओशाळून म्हणाला. "आमच्याकडे बी फिरलं होतं."

"हो ना?" नत्थुजी म्हणाला. "फिरते ना?"

दिवसभर लोक येत राहिले. चित्र पाहून दचकत, मग वाकून पाटी वाचत, मग मान हलवत. कोणी नुसतीच हलवत, कोणी नत्थुजीला नमस्कार करत. नत्थुजी प्रत्येकाच्या मानेकडे पाहत होता. ती हलली की मग दुसऱ्याकडे वळत होता.

उन्हं कलल्यावर गयासुद्दीन त्याच्याजवळ गेला. दालन जवळजवळ रिकामं झालं होतं. "चला नत्थुजी, दर्यापूरची गाडी निंगून जाईन," तो म्हणाला. "सकायपासून उभे हा तुमी."

नत्थुजीने दाराकडे पाहिलं. बाहेर पायरीवर एक म्हातारी बाई आणि तिचा नवरा चपला काढत होते.

"थांब जरासाक," तो म्हणाला. "आनखी येऊन राहिले."